भंतेंची कवळी

११ ऑगस्ट

ताई,

नाही, मी मुंडण केलेलं नाही. चर्चमधल्या ऑर्गनवाल्या मावशींनी तुला माझ्या डोक्याबद्दल जे काही कळवलं असेल, ते आपल्या बाबांकडून आलेलं आहे, बुद्धाकडून नाही.

तुझं पत्र परवा मिळालं. आधीचीही मिळाली होती, सगळी मिळाली. हेही मी तसंच ठेवून दिलं असतं, पण "तू बौद्ध झालास का" असं तू सरळच विचारलंस आणि ते वाचून तुझ्या भावजयीने कागद आणि पेन माझ्यासमोर आणून आपटलं. म्हणाली, "बाकी काही लिहू नका, पण एवढं तरी कळवा. त्या तिकडे गुडघे टेकून टेकून सोलून घेत असतील." तेव्हा गुडघे सांभाळ. तुमच्या मठात पत्रं आधी मदर उघडून वाचतात म्हणे. त्यांना माझा नमस्कार सांग, म्हणजे आता त्यांनी तो वाचलाच असेल.

रागामुळे पत्र लिहिलं नाही असं समजू नकोस. कामं असतात.

विहारात जातो हे खरं. दर गुरुवारी जातो, कधी मधल्या वारीही. चर्चमध्ये मिस्साला जात नाही हेही खरं, पण ते विहाराच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. मावशींनी आधीचं नंतर केलं आणि नंतरचं आधी. विहारात मी कामासाठी जातो. मी ज्यांच्यासाठी कवळ्या बनवतो त्या आमच्या डॉक्टरीणबाई तिथल्या भिक्षूंचे दात तपासतात. त्या मला म्हणाल्या, "तिथल्या मोठ्या भंतेंची वरची कवळी नव्याने करायची आहे. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही. माप मी घेतलंय, पण मेणातले दात लावून बघायला तुम्हीच वर जाऊन या."

वर म्हणजे खरंच वर. खाली टायरचं दुकान आहे. दिवसभर तिथे चाकं फिरत असतात आणि हवा भरायच्या यंत्राचा फुस्स आवाज होत असतो. त्याच्या शेजारून एक अरुंद जिना निघतो, तो चढून गेलं की चपलांची फळी, आणि पलीकडे एवढी स्वच्छ, शांत खोली की आपण खालच्याच इमारतीत आहोत हे पटत नाही. मोठे भंते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. वय ऐंशीच्या आसपास. मी विचारलं, "जुनी कवळी कशी तुटली?"

"तुटली नाही. वाटीत काढून ठेवली होती, ती कुत्र्याने नेली."

"मग सापडली नाही?"

"सापडली ना. पण तोवर त्याने तिचा माझ्यापेक्षा चांगला उपयोग करून घेतला होता." आणि ते नुसत्या हिरड्यांनी इतके हसले की मला माप बघायचं सोडून थांबावं लागलं.

मी स्पिरिटचा दिवा लावला, मेण मऊ करायला घेतलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणत्या धर्माचे?"

"ख्रिस्ती."

"रोज प्रार्थना करता?"

खोटं बोलायला हरकत नव्हती, पण का कोण जाणे, बोललो नाही. म्हटलं, "नाही. देवाशी बोलणं बंद आहे."

"त्याने बंद केलं की तुम्ही?"

"मी."

"कारण?"

"घरगुती आहे."

त्यांनी मान डोलावली, जणू देवाशी घरगुती कारणावरून वाजणं रोजचंच आहे. मग म्हणाले, "म्हणजे तो आहे तर."

"कोण?"

"तुमचा देव. मी त्याला कधी मानलंच नाही, त्यामुळे आमचं कधी भांडणही झालं नाही. अबोला धरायचा तर समोर कुणीतरी लागतं."

माझं बोट दिव्यावर भाजलं. डाग अजून आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की मी बौद्ध झालेलो नाही. ज्यांना देव मान्य नाही त्यांच्या खोलीत बसून मला तो असल्याचा पुरावा मिळाला, आणि तेव्हापासून मी त्यामुळे वैतागलेलो आहे.

तुझा धाकटा


२ सप्टेंबर

ताई,

तुमच्याकडे मौन असतं ना? मग चार पानं, तीही दोन्ही बाजूंनी, कशी लिहिलीस? मी पाकीट उघडलं तेव्हा वाटलं, दोघींची पत्रं एकात घातली असतील.

तू विचारतेस, ते लोक माझं मन वळवतात का. अगं, वळवतच नाहीत, हीच तर पंचाईत आहे. मी जिना चढताना उत्तरं तयार करून जातो. आत्म्याबद्दल विचारलं तर हे सांगू, पुनरुत्थानाबद्दल विचारलं तर ते सांगू. वर गेलो की ते विचारतात, "चहा घेणार का?" सगळी तयारी वाया.

पण मागच्या गुरुवारी त्यांनी गोष्ट मागितली. मेणातले दात लावून बघत होतो. तेव्हा माणसाला बोलतं ठेवावं लागतं, ओठ कसे हलतात ते कळतं. मोठे भंते म्हणाले, "मीच बोलत राहिलो तर तुम्हाला कंटाळा येईल. आधी तुम्ही तुमच्या प्रभूची एक गोष्ट सांगा, मग मी तिच्यावर प्रश्न विचारतो. म्हणजे दोघांचं काम होईल." शेजारी त्यांचे शिष्य बसले होते. ते भिक्षू व्हायच्या आधी रेडिओवर बातम्या द्यायचे, म्हणून मी त्यांना मनात निवेदक भंते म्हणतो. उंच, ताठ, प्रत्येक शब्द धुऊन इस्त्री केल्यासारखा.

एवढ्या गोष्टी असताना माझ्या तोंडून कुठली निघावी? त्या दोन बहिणींची. प्रभू घरी येतो, एक स्वयंपाकघरात राबत राहते आणि दुसरी त्याच्या पायाशी जाऊन बसते. राबणारी तक्रार करते तेव्हा प्रभू सांगतो की बसलेलीने चांगला वाटा निवडलाय. मी सांगितली आणि वर माझ्याकडून जोडून दिलं, "माझ्या मते राबणारीवर अन्याय झाला."

निवेदक भंतेंनी विचारलं, "पुढे त्या दोघी एकमेकींशी बोलल्या का?"

"लिहिलेलं नाही."

मोठे भंते मेणाच्या दातांतून म्हणाले, "आणि जेवण? ते शेवटी कुणी केलं?"

"तेही लिहिलेलं नाही, भंते."

"मग तिघांनी मिळून केलं असणार. पाहुणा एवढा चांगला होता म्हणता ना. तो काय नुसता बसून राहील?"

ताई, ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेन. तू मठात जायला निघालीस त्या रविवारी फादरांनी मुद्दाम हीच वाचली होती, आणि सगळे माना वळवून तुझ्याकडे बघत होते. आईचं दुखणं निघालं, तिला उठवायचं, बसवायचं, भरवायचं, त्या दिवसांत ही गोष्ट आठवली की मी चमचा वाटीत आपटायचो. पण प्रभू उठून स्वयंपाकघरात आला असेल, बाह्या सारून भांडी विसळत उभा राहिला असेल, हे माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. हे सुचायला दात नसलेला एक भिक्षू लागला.

ओठ बरोबर हलत होते. एक सुळा थोडा आत घेतलाय. पुढच्या आठवड्यात कवळी पूर्ण होईल.

धाकटा


२३ सप्टेंबर

ताई,

आज एवढं हसलोय की बरगड्या दुखतात. झोपायच्या आत तुला लिहून टाकतो.

कवळी बसली. मी पक्कं सांगून ठेवलं होतं, पहिले काही दिवस मऊ खायचं. मोठे भंते "हो हो" म्हणाले आणि समोरच्या ताटलीतलं सफरचंद उचलून, न सोलता, कर्रकन चावले.  त्यांनी चावून चावून गिळलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "आवाज विसरलो होतो." एवढंच. पण मी इतकी वर्षं दात बनवतोय, असा आनंद कुणाच्या तोंडावर बघितला नव्हता.

मला म्हणाले, आज संध्याकाळच्या पाठाला थांबा. थांबलो, मागे भिंतीशी बसलो.

आता आधी एक धंद्यातली गोष्ट समजून घे. त्यांची जुनी कवळी, कुत्र्याने चावलेली, मी बघितली होती. पुढच्या दातांच्या मागे, जिथे जीभ टेकते तिथे, कुणीतरी थर नको तेवढा जाड ठेवला होता. असं झालं की 'स' म्हणताना शिट्टी वाजते. माझ्या नव्या कवळीत तो थर नीट केलेला. मला वाटलं, चांगलंच केलं.

पाठ सुरू झाला. मोठे भंते एक ओळ म्हणणार आणि बाकीचे मागून. त्यांनी पहिली ओळ म्हटली, स्वच्छ, गोल. मागून सगळ्यांनी म्हटली, आणि प्रत्येक 'स' ला बारीक शिट्टी. एकूण एक भिक्षू. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी हे पाठ मोठ्या भंतेंच्या तोंडून ऐकून उचलले होते, शिट्टीसकट. दुसऱ्या ओळीला ते घुटमळले. तिसरीला निवेदक भंते थांबलेच. म्हणाले, "भंते, क्षमा असावी. आपलं काहीतरी चुकतंय."

"माझं नाही," मोठे भंते म्हणाले. "आता बरोबर येतंय."

पाठ कसाबसा पुरा झाला. मी चपला घालत होतो तर निवेदक भंते मागोमाग आले. चेहरा उतरलेला. "मी रेडिओवर होतो. माझ्या 'स' ला कधी कुणी नाव ठेवलं नाही. इथे आल्यावर ही शिट्टी मी मुद्दाम शिकलो, आरशासमोर बसून. मला वाटलं परंपरा आहे." मग हळूच विचारलं, "ती परत बसवता येईल का?"

"येईल. थर जाड केला की झालं. पण त्यांना विचारायला हवं."

आम्ही दोघं परत आत गेलो. मोठ्या भंतेंनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ऐंशीव्या वर्षी मला पुन्हा सरळ 'स' म्हणता येतोय. तो मी कुणाला देणार नाही."

"पण मग आम्ही इतकी वर्षं काय म्हणत होतो?" निवेदक भंतेंचा आवाज खरंच कापला.

"शब्द बुद्धांचा होता, शिट्टी माझी. तुम्ही दोन्ही प्रेमाने जपलीत. आता शब्द ठेवा. शिट्टी जाईल तेव्हा जाईल, तिला हाकलू नका." आणि त्यांनाच हसू फुटलं. मग निवेदक भंतेंना. ते इस्त्री केलेले गृहस्थ भिंतीला टेकून डोळे पुसत होते. सध्या अख्ख्या विहारात शिट्टी न वाजवणारे मोठे भंते एकटेच आहेत.

घरी चालत येताना मीही हसत होतो, आणि टायरच्या दुकानापासून दोन चौक गेल्यावर थांबलो. आपल्याला प्रार्थना आईने शिकवली, तिला तिच्या आईने. त्यात शब्द कुठला आणि शिट्टी कुठली हे मी कधी बघितलंच नाही. एक शिट्टी कानाला बोचली आणि मी सगळा पाठच सोडून दिला.

कुठली शिट्टी, ते तुला माहीत आहे. आज नाही लिहीत. आज हसण्याचा दिवस आहे.

धाकटा


१४ ऑक्टोबर

ताई,

आज लिहितो. मदरनी वाचलं तरी चालेल.

मोठ्या भंतेंना एक धाकटा भाऊ आहे. सायकली दुरुस्त करतो. पंचाहत्तरीचा असेल, पण जिना माझ्याआधी चढतो. महिन्यातून एकदा तेलाची बाटली घेऊन येतो आणि थोरल्याचे गुडघे चोळून देतो. मागच्या गुरुवारी मी कवळी जरा घासून द्यायला गेलो होतो, हिरडीला एका जागी लागत होती. तर हे चालू होतं. आधी त्याने रीतसर वाकून नमस्कार केला. "भंते, पाय पुढे करावा." मग तेल लावता लावता सूर बदलला. "अरे, किती ताठ धरतोस? सैल सोड की. लहानपणापासून असाच." थोरले भंते मुकाट्याने ऐकत होते. ज्यांच्यापुढे शहरातली माणसं हात जोडतात, ते.

खाली उतरलो तर तो माझ्याबरोबरच निघाला. कोपऱ्यावर चहा घेतला. कप हातात आल्या आल्या त्याने विचारलं, "तुमचं कोण गेलंय?"

"म्हणजे?"

"घर सोडून कोण गेलंय? तुम्ही वर बसून त्याच्याकडे बघता, तसं मी बघायचो. आदर असतो, आणि एक थोबाडीत द्यावीशीही वाटते."

मी म्हटलं, "मोठी बहीण. नन आहे. बंद मठात."

आणि मग ताई, जे मी तुझ्या भावजयीलाही धड सांगितलं नव्हतं ते त्या सायकलवाल्याला सांगितलं. तुलाही सांगतो. आईच्या दफनाच्या दिवशी मी फादरना थांबवून धरलं होतं. लोक उन्हात उभे होते. फादर दोनदा माझ्याजवळ येऊन गेले. मी म्हणत होतो, जरा थांबा, ताई येतेय. तू येणार नाहीस हे मला माहीत होतं. तुमचा नियम मला पाठ होता, तूच समजावून सांगितला होतास, आई-वडील गेले तरी बाहेर पडायचं नाही म्हणून. तरी मी फाटकाकडे बघत होतो. मला वाटलं, नियम मोडशील. एकदाच मोडशील. शेवटी मीच माती टाकली, तुझ्या वाटची मूठही मीच टाकली, आणि त्याच उभ्या जागी देवाला सांगितलं, ज्याला माझी बहीण एक दिवस सोडवत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही.

हे ते घरगुती कारण.

सायकलवाल्याने सगळं ऐकलं. म्हणाला, "आमचा हा गेला तेव्हा दुकान, वडील, दोन बहिणींची लग्नं, सगळं माझ्या गळ्यात. वडील वारले तेव्हा आला, पण भिक्षू म्हणून आला. पाठ म्हटला, निघून गेला. माझ्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला नाही. मी वीस वर्षं इकडे फिरकलो नाही."

"मग का आलात?"

"कंटाळा आला."

मी हसलो, तर तो गंभीरपणे म्हणाला, "हसू नका. राग टिकवायचा म्हणजे रोज वंगण घालावं लागतं. माझं दुकान एकट्याचं. आणि एक दिवस चाक सरळ करता करता मनात आलं, हा सगळ्या जगाचा झाला ना? मग मीही त्याच जगात राहतो. माझ्या वाट्याला येतो तेवढा तरी घेऊन यावा. आलो. तर वाट्याला गुडघे आले." त्याने चहा संपवला. "काही वाईट नाहीत गुडघे. चोळताना बोलता येतं."

तुझ्या वाट्यातलं माझ्याकडे काय येतं, ताई? मठात भेटताना मधे जाळी असते म्हणे, तिच्यातून गुडघे तर चोळता येणार नाहीत.

हे पत्र पाठवू की नको, ठरत नाहीये.

धाकटा


३ नोव्हेंबर

ताई,

बरं झालं पाठवलं. पाठवलं म्हणजे तुझ्या भावजयीने पेटीत टाकलं, मी अजून ठरवतच होतो.

तुझं उत्तर मी तीनदा वाचलं. त्या दिवशी, दफनाच्या वेळी, तू मठाच्या धुणीघरात होतीस. ओल्या चादरी वाळत घालायचं काम तू मागून घेतलंस, आणि चादरीत तोंड खुपसून रडलीस, की आवाज बाहेर जाऊ नये. मदर शोधत आल्या आणि काही न बोलता दुसऱ्या टोकाने चादर धरून तुझ्याबरोबर पिळायला लागल्या. हे मला कोणी सांगायचं? तू चार वर्षं पत्रांत मला आशीर्वाद पाठवत राहिलीस. चादर आधी पाठवली असतीस तर मी केव्हाच उत्तर दिलं असतं. मी त्या मठाची एक थंड दगडी भिंत मनात बांधून ठेवली होती. तिच्या आत कुणी असं कोपरापर्यंत भिजून रडत असेल असं वाटलंच नव्हतं. मदरना माझ्याकडून सांग, नमस्कार आता मनापासूनचा आहे.

मोठ्या भंतेंना मी हे सांगितलं.  मग त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे शांत बसलेत. तुमचे प्रभू क्रुसावर आहेत. मी खूप दिवस विचारीन म्हणतोय. त्यांना दुखलं का?"

"दुखलं, भंते."

"मग ते गप्प राहिले?"

"नाही. ओरडले. बापाला विचारलं, मला का सोडलंस."

"लोकांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

ते चकित झाले. खरंच झाले, नाटक नव्हे. म्हणाले, "आमच्याकडे असं नाही. आम्ही दुःखाकडे बघायला शिकतो, तक्रार कुणाकडे करणार? पण तुमच्या प्रभूनेच तक्रार केली आहे. मग तुम्ही कशाला तोंड शिवून बसलात? जा आणि भांडा."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी एकटाच होतो. पॉलिशचं यंत्र चालू केलं, त्याचा आवाज असा की शेजारच्यालाही काही ऐकू जात नाही. एक कवळी हातात धरून घासत होतो आणि बोलायला लागलो. देवाशी. आईचं दुखणं, तिचं रात्री ओरडणं, ते ऊन, ते फाटक, काहीच सोडलं नाही. आवाज चढला. मधेच माझ्या ध्यानात आलं, की कुण्या अनोळखी माणसाच्या बत्तीस दातांवर... नाही, वरच्याच दातांवर, मी देवावरचा राग काढतोय आणि ते दात असे चकाकतायत की कुणी राजाने लावावेत. मला हसू आलं. आणि हसता हसता जाणवलं, कुणीतरी ऐकतंय. पहिल्यापासून ऐकत होतं. मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. तुला येत असेल.

रविवारी मिस्साला गेलो. मागच्या बाकावर बसलो, तरी मावशींनी ऑर्गनवरून बघितलंच आणि एक सूर चुकला. नंतर दारात गाठून म्हणाल्या, "आलास का परत?" मी म्हटलं, "हो. भिक्षूंनी पाठवलं." आता तुला त्यांचं पत्र येईल, दचकू नकोस.

विहारात जाणं चालूच आहे. मोठे भंते मला गप्प बसायला शिकवतात. मला ते नीटसं जमत नाही. त्यांना रिकामी शांतता चालते, मला ती कुणाची तरी असावी लागते. हे मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "तुम्ही तुमच्या बापाशी बोला, मी गप्प बसतो. बाक एकच पुरेल." तसेच बसतो आम्ही. खाली टायरवाला हवा भरत असतो.

तुमच्याकडे भेटीचे दिवस कोणते असतात?

धाकटा


२२ नोव्हेंबर
मठातली पाहुण्यांची खोली

ताई,

तू भिंतीपलीकडे आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. दारावरच्या सिस्टर म्हणाल्या, प्रार्थना चालू आहे, संपली की ती येईल. समोर आलीस की मला एक शब्द सुचणार नाही, म्हणून आधीच कागदावर उतरवतो. तुझी भावजय शेजारी बसून म्हणतेय, "आता समोर भेटणार, तरी काय लिहिताय?" तिने तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत. त्यांचा रंग तुमच्या नियमात बसतो का, हे ती बसमध्ये मला सारखं विचारत होती.

खोली माझ्या मनातल्यासारखी अजिबात नाही. खिडकीत कुंड्या आहेत, एका खुर्चीचा पाय दोरीने बांधलाय. जाळी आहे, पण तिच्या पलीकडे कुणीतरी विसरलेला पाण्याचा जग दिसतो. दारावरच्या सिस्टरना दात नाहीत. मी बघू नये म्हणून त्या तोंडावर हात धरतात. ते काम मी बघून घेईन, आत सांग.

निरोप सांगतो. सायकलवाल्याने बजावलंय, पहिल्या भेटीत तक्रार करायची नाही, दुसऱ्या भेटीसाठी ठेवायची, म्हणजे दुसरी भेट होते. निवेदक भंतेंनी विनंती केलीय, की तुमच्या गायनाच्या जुन्या चालींत कुणाची शिट्टी शिरली असेल तर त्यांना कळवावं, त्यांना सोबत वाटेल. मोठ्या भंतेंनी एकच विचारायला सांगितलंय. "तिला आत हसायला मिळतं का?" ते मी विचारणार होतो, पण आत्ता पलीकडच्या बोळात दोघीजणी बादली सांडून अशा हसत गेल्या, की त्यांना सांगायला उत्तर मिळालं. त्यांतली तू नव्हतीस. तू आत गात आहेस.

ऐकू येतंय. भिंत जाड आहे, शब्द कळत नाहीत, सगळे आवाज एकात मिसळून गेलेत, मला त्यातून तुला वेगळं काढता येईल असं वाटत नव्हतं. मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सगळ्याजणी सुरू होतात आणि एक आवाज अर्धा ठोका मागून धावत येऊन त्यांना गाठतो. घरी तू अशीच गायचीस. आई ताटावर चमचा वाजवून ओरडायची, तरी तू मागेच.

तुझ्या भावजयीने विचारलं, "डोळ्याला काय झालं?" मी म्हटलं, ऐक. ती ऐकतेय.

मीही गायला लागलोय. खालच्या पट्टीत, हळू. सिस्टरनी दारातून डोकावून बघितलं, तोंडावरचा हात काढला आणि हसल्या.

गाणं संपलं. बाकं सरकतायत. कुणीतरी धावत येतंय, आणि कुणीतरी तिला "सावकाश" म्हणतंय.

बाकीचं तोंडी.